गोगलगाय खाणाऱ्या सापाचें गोत्र

'गोगलगाय आणि पोटांत पाय' ही म्हण ज्या कोणा आजीबाईच्या तोंडून प्रथम निघाली, तिला ग्रीक भाषेचा गंधही नव्हता हें उघड आहे. तथापि युरोपांतील प्राणिशास्त्रज्ञांनीं गोगलगायींच्या वर्गास जें ग्रीक नांव दिलें, त्याचाही अर्थ 'पोट हेंच ज्यांचें पाऊल' असाच होतो. आमच्या माजघरांतील म्हण व त्यांच्या ग्रंथालयांतील संज्ञा ह्या दोहोंच्या मुळाशीं एकच अवलोकन असावें, ह्याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. आणि ह्या कौतुकाच्या भरांतच कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या हातून एक प्रमाद घडला. प्रस्तुत लेख हें बऱ्याच अंशीं त्या प्रमादाचें परिमार्जन आहे.

प्रमाद असा. आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे एक अध्यापक विद्यार्थ्यांसाठीं मराठी संज्ञांची एक छोटी यादी करीत होते. सापांच्या एका कुलाशीं ते अडले. आशियांतील गोगलगाय खाणाऱ्या सापांचें तें कुल. शास्त्रीय नांव पॅरिडी. "प्रोफेसरसाहेब, ह्याला एक चांगलासा संस्कृत शब्द द्या," असें त्यांनीं म्हणतांच आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां 'शंबूकभक्षी कुल' असा शब्द दिला. शब्द भारदस्त होता, अर्थ स्वच्छ होता, समासही निर्दोष होता. यादी छापली गेली व विद्यार्थ्यांनीं ती पाठही केली. पुढें एका उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही दोघे उटकमंडास एका स्नेह्यांकडे उतरलों असतां, बागेंत वाफा खणणाऱ्या माळ्याच्या कुदळीबरोबर मातींतून वीतभर लांबीचा, तपकिरी रंगाचा, चकचकीत असा एक जीव वर आला. आम्हांस तें गांडूळ वाटलें; जवळ जाऊन पाहतों तों साप! आमच्या मित्रांनीं तो हातावर घेतला, भिंगांतून त्याचे खवले पाहिले आणि 'झायलोफिस पेरोटेटी' असें त्याचें नांव सांगितलें. ह्याचें कुल कोणतें, असें आम्हीं विचारलें. ते किंचित् हसून म्हणाले, "आपण नांव ठेवलें तेंच. आतां हाही आपला शंबूकभक्षी. मात्र हा खातो गांडुळें."

हा टोमणा आम्हांस चांगलाच झोंबला. परत आल्यावर आम्हीं ह्या विषयावरचीं दोन लिखाणें मिळवून वाचलीं. एक जुनें व भलें मोठें: ब्रिटिश म्यूझियममधील सापांची बूलेंजरनें केलेली तीन खंडांची सूची, प्रसिद्धीचीं वर्षें १८९३, १८९४ व १८९६. दुसरें अलीकडचें व अवघ्या कांहीं पानांचें: व्ही. दीपक, सारा रुआन व डेव्हिड गोवर ह्या तिघांचा, पश्चिम घाटांतील जमिनींत राहणाऱ्या सापांच्या एका नव्या उपकुलाविषयींचा २०१८ चा निबंध. वाङ्मयाच्या अध्यापकानें सापांच्या सूचीचें परीक्षण करावें हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु एखाद्या वस्तूचें स्थान कोठें हें ठरविणें, व तें कोणत्या पुराव्यावर ठरविलें हें सांगणें, हेंच टीकाकाराचें काम होय. आणि तें काम ह्या दोन लिखाणांत ज्या कसोशीनें झालेलें आहे, ती आमच्या मराठी समीक्षेंत फारशी आढळत नाहीं असें आम्हांस नम्रपणें वाटतें.

प्रथम हे साप कोण तें सांगितलें पाहिजे. शंखाची असो कीं बिनशंखाची, गोगलगाय हेंच ज्यांचें मुख्य अन्न, असे साप तीन खंडांत आहेत. मध्य व दक्षिण अमेरिकेंत डिप्सास, सिबॉन वगैरे वंशांतील; आशियांत आसाम व पूर्व हिमालयापासून जावा, तैवान व जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत पॅरिअस व त्याचे भाऊबंद; आणि आफ्रिकेंत ड्युबेरिया. पहिले दोन गट शेजारीं शेजारीं ठेवले तर सख्ख्या भावांसारखे दिसतात. सडपातळ, दोन्ही बाजूंनीं चपटें शरीर, बोथट मोठें डोकें, टपोरे डोळे, रात्रीं झाडाझुडपांवर हिंडण्याची संवय. दोघांच्याही हनुवटीखालीं एक खूण नसते, जी इतर बहुतेक सापांत असते. साप आपल्या डोक्याहून मोठें भक्ष्य गिळतो तेव्हां त्याच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर होतात, व त्यासाठीं हनुवटीच्या मधोमध त्वचेची एक घडी असते. गोगलगायीसारखें मऊ, लांबट व बुळबुळीत भक्ष्य खाणाऱ्यास तोंड रुंदावण्याची गरज नसते. त्यास हवी असते ती शंखाच्या वळणदार तोंडांत खालचा जबडा घालून मांस ओढून काढण्याची युक्ति. म्हणून ती घडी येथें नाहीशी झालेली असते.

ही युक्ति किती बारकाईनें साधली जाते ह्याचें एक उदाहरण सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. जपानच्या इशिगाकी व इरिओमोटे ह्या बेटांवर पॅरिअस इवासाकिइ नांवाचा साप आहे. त्याच्या खालच्या जबड्याच्या उजव्या बाजूस सरासरीनें पंचवीस दांत असतात आणि डाव्या बाजूस अठरा! होसो व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें ह्याचें कारण दाखवून दिलें. जगांतील बहुतेक गोगलगायींचे शंख उजवीकडे वळणारे असतात. अशा शंखांतून मांस काढावयाचें तर जबड्याच्या दोन बाजूंस निरनिराळें काम पडतें, आणि हा साप त्याच कामासाठीं घडलेला आहे. क्वचित् आढळणारी डाव्या वळणाची गोगलगाय ह्या उजव्या सापाच्या तावडींतून पुष्कळदां निसटते. आमच्याकडे दक्षिणावर्त व वामावर्त शंखांचें महत्त्व देवघरापुरतें. तेथें तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

आफ्रिकेंतील ड्युबेरियाचा थाट मात्र वेगळा. तो आखूड, जाडसर, डोकें मानेहून वेगळें न दिसणारें असा जमिनीवरचा साप. गोगलगायीनें मागें सोडलेल्या चिकट रेषेचा माग काढीत तो तिला गांठतो; अंडीं न घालतां पिलांनाच जन्म देतो; व कोणी डिवचलें तर डोकें आंत लपवून स्वतःची घट्ट गुंडाळी करतो. दक्षिण आफ्रिकेंतील डच वंशाचे लोक ह्यावरून त्यास 'तंबाखूची गुंडाळी' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात, आणि आमच्या मतें आजपर्यंत ह्या सापास मिळालेल्या सर्व नांवांत तेंच सर्वांत सरस आहे.

कारण विद्वानांनीं दिलेल्या नांवांची व पत्त्यांची कथा फारशी भूषणावह नाहीं. लिनियसनें १७५८ मध्यें आपल्या महाग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत ह्या आफ्रिकी सापास 'कोल्युबर ल्युट्रिक्स' असें नांव दिलें आणि त्याचें वसतिस्थान म्हणून 'इंडीज' लिहून ठेवलें! दहा वर्षांनीं, १७६८ मध्यें, व्हिएन्नाचा वैद्य लॉरेंटी ह्यानें अमेरिकेंतील गोगलगाय खाणाऱ्या सापाचें बारसें केलें तें 'डिप्सास इंडिका' ह्या नांवानें, आणि त्याचा पत्ता दिला सिलोन. त्या काळीं जहाजांवरून युरोपांत जें जें कांहीं चमत्कारिक उतरे, तें तें हिंदुस्थानचें असा समज सहज होई. पहिल्यास आफ्रिकेचा रहिवासी म्हणून पुढें ओळखलें गेलें. पण दुसऱ्याचें नांव आजही 'इंडिका'च आहे, कारण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें एकदां रीतसर दिलेलें नांव केवळ अर्थानें चुकीचें ठरलें म्हणून बदलतां येत नाहीं. गोगलगाय खाणारे हे दोन परदेशस्थ साप अशा रीतीनें आमच्या देशाच्या नांवावर मांडले गेले. आणि खरोखर आमच्या देशांतला जो त्यांच्यापैकीं एकाचा नातलग निघावयाचा होता, त्याच्याकडे कोणाचें लक्षच नव्हतें.

आतां बूलेंजरच्या ग्रंथाकडे वळूं. हा ग्रंथ म्हणजे एका माणसानें हजारों बाटल्या उघडून, प्रत्येक सापाचे खवले मोजून, दांत व कवटीचीं हाडें तपासून केलेलें काम आहे. त्याची भाषा तारेच्या भाषेसारखी तुटक. क्रियापदें जवळ जवळ नाहींतच. तरीही त्यांत एक प्रकारची शैली आहे. कोठेंही फुगवटा नाहीं, कोठेंही 'कदाचित्'चा पडदा घेऊन पळ काढलेला नाहीं. त्याच्या तिसऱ्या खंडांत 'बोथट डोक्याचे' अशा अर्थाच्या नांवाचें एक कुल आहे, व त्यांत त्यानें आशियांतील पॅरिअस व अमेरिकेंतील डिप्सास ह्या दोहोंस एकत्र बसविलें. हा निर्णय चुकीचा होता हें आज सर्वमान्य आहे. अमेरिकेंतील गोगलगाय खाणाऱ्या सापांचे जवळचे सोयरे अमेरिकेंतच आहेत, व त्यांतील बहुतेक सोयरे बेडूक, सरडे, गांडुळें असल्या अन्नावर जगतात; आशियांतील पॅरिअसशीं त्यांचा संबंध अतिशय दूरचा आहे.

परंतु टीकाकारानें चूक दाखवून थांबूं नये. ती कोणत्या जातीची चूक आहे हेंही सांगावें. बूलेंजरनें आहारावरून कुल बनविलें असा आक्षेप घेतां येत नाहीं. तसें त्यानें केलें असतें तर आफ्रिकेचा ड्युबेरियाही ह्याच कुलांत आला असता. पण तो त्यानें दुसऱ्या खंडांत, होमालोसोमा ह्या नांवाखालीं, सर्वसाधारण सापांच्या मोठ्या कुलांत ठेवला. आणि तो त्या बोथट डोक्याच्या कुलांतला नव्हे हें त्याचें म्हणणें खरेंच ठरलें. ह्या शतकांत रेणूंच्या पुराव्यावरून असें दिसून आलें आहे कीं, ड्युबेरियाची गणना ज्या कुलांत होते त्यांतील बहुतेक साप मादागास्कर बेटावरचे आहेत. म्हणजे बूलेंजर अन्नास भुलला नाहीं. तो शरीररचनेस प्रमाण मानणारा होता. त्याची फसगत झाली ती अशी कीं, ज्या रचनेस त्यानें प्रमाण मानलें ती रचनाच अन्नानें घडविलेली होती. पुढच्या दारानें घालवून दिलेला आहार मागच्या दारानें, जबड्याचें रूप घेऊन, घरांत शिरला! इतकी सूक्ष्म फसगत होण्यासही मोठी योग्यता लागते. आम्हीं 'शंबूकभक्षी' हा शब्द दिला तेव्हां पुढचें दार आपल्या हातानें सताड उघडलें होतें; बूलेंजरच्या चुकीशीं आमच्या चुकीची बरोबरी करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

येथें थोडें विषयांतर करण्याची मुभा वाचकांनीं द्यावी. मराठी कवितेचे संत, पंत व तंत असे तीन भाग करण्याची पद्धत आमच्याकडे रूढ आहे, आणि गेलीं तीस वर्षें आम्हीं ती वर्गांत फळ्यावर लिहीत आलों आहों. पण रामजोशी कोठें घालावयाचा? लावण्या व पोवाडे रचले म्हणून तो तंतकवि. परंतु संस्कृताचें अध्ययन केलेला, पंडितांच्या भाषेशीं लीलेनें खेळणारा हा सोलापूरकर डफावर थाप मारतांनाही पंतांच्याच घरचा वाटतो. मुक्तेश्वर एकनाथांचा दौहित्र, म्हणजे घराण्यानें संतांकडचा. पण भारताची कथा सांगतांना त्याचें मन वर्णनाच्या शोभेंत किती रमतें! आम्ही कोणास धंद्यावरून, कोणास घराण्यावरून, तर कोणास भाषेच्या ठेवणीवरून एकाच कोष्टकांत बसवितों, आणि कसोटी मध्येंच बदलली ह्याची दादही कोणास लागूं देत नाहीं. बूलेंजरनें असें कोठेंही केलेलें नाहीं. त्याची कसोटी अपुरी पडली, पण ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच होती. आणि म्हणूनच पुढच्यांस तिची चूक नेमकी कोठें तें दाखवितां आलें.

त्याच सूचीच्या पहिल्या खंडांत झायलोफिस आहे. बेडोमनें १८७८ मध्यें स्थापिलेला हा वंश सह्याद्रीच्या दक्षिण भागापुरताच. लहानखुरे, जमिनींत राहणारे, गांडुळें खाणारे असे हे साप. ह्यांपैकीं एका जातीस २००७ मध्यें गोवर व विंक्लर ह्यांनीं 'झायलोफिस कॅप्टेनी' असें नांव दिलें, तें पुण्याचे सर्पशास्त्रज्ञ अशोक कॅप्टन ह्यांच्या नांवावरून. जाती केरळांतील असली तरी नांवापुरता महाराष्ट्राचा संबंध तेथें आलाच. ह्या सापांचें गोत्र कोणतें ह्याबद्दल दीर्घकाळ निश्चिति नव्हती. एका निराळ्याच आशियाई कुलांत, झेनोडर्मिडींत, त्यांस ठेवण्याचा प्रघात पडला होता. २०१७ मध्यें रुआन व ऑस्टिन ह्यांनीं संग्रहालयांतील जुन्या, फॉर्मॅलिनमध्यें मुरलेल्या नमुन्यांतून आनुवंशिक द्रव्य काढण्याचा दुर्घट प्रयोग केला, व त्यांत झायलोफिस हा पॅरिअसच्या शेजारीं जाऊन बसला. ज्या प्रकारच्या बाटल्या बूलेंजरनें हाताळल्या, तशाच बाटल्यांतून हें उत्तर आलें. तें उत्तर तेथें शंभर वर्षें पडूनच होतें. प्रश्न विचारण्याची रीत ठाऊक नव्हती, एवढेंच.

२०१८ च्या निबंधानें हा शोध पक्का केला. त्यांत झायलोफिसच्या तीन जातींची नवी आनुवंशिक माहिती आहे. तिच्यावरून हा वंश एकजिनसी असल्याचें प्रथमच दिसून आलें, आणि आशियांतील गोगलगाय खाणाऱ्या तिन्ही वंशांचा जो एक गट, त्याचा हा सर्वांत जवळचा भाऊ असल्याचेंही सिद्ध झालें. म्हणजे पाहा: हनुवटीनें व बोथट डोक्यानें हुबेहूब जुळणारा अमेरिकेचा डिप्सास हा परका; त्याच गोगलगायीवर जगणारा आफ्रिकेचा ड्युबेरिया हाही परका; आणि जो दिसावयास गांडुळासारखा, राहणार मातींत, गोगलगायीच्या वाटेस न जाणारा, तो निलगिरीच्या वाफ्यांतला साप सख्खा! आम्हीं पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत. पण शेवटच्या प्रकरणांत वारस ओळखू येण्याचा प्रसंग इतक्या निर्विकार भाषेंत लिहिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

ह्या निर्विकारपणाबद्दलच आमची एक तक्रार आहे. निबंधाचे लेखक दोन गोष्टी एकाच सुरांत सांगतात. झायलोफिस व पॅरिअस हे एका शाखेचे दोन फांटे आहेत, ही एक; झायलोफिससाठीं नवें उपकुल करून तें पॅरिडींत घातलें पाहिजे, ही दुसरी. पहिली सांपडलेली गोष्ट आहे, दुसरी ठरविलेली. हे दोन फांटे फार पूर्वीं वेगळे झाले असून तो काळ इतर कित्येक कुलांच्या व उपकुलांच्या फुटीच्या काळाइतकाच जुना आहे, असें लेखक स्वतःच सांगतात. मग उपकुल कां, स्वतंत्र कुल कां नको? लेखकांनीं दिलेलीं कारणें समंजस आहेत, आणि कुलांची संख्या उगीच वाढवूं नये हें धोरण आम्हांसही पसंत आहे. पण तें धोरण आहे, शोध नव्हे; आणि दोहोंमधील सीमारेषा वाचकास थोडी अधिक ठळक दाखविली असती तर निबंधाची प्रतिष्ठा कमी झाली नसती.

कुलाच्या पातळीवर वाद मिटला म्हणून जातीच्या पातळीवर तो मिटतो असें नाहीं. थिओबाल्डनें १८६८ मध्यें ब्रह्मदेशांतून वर्णिलेला पॅरिअस मॅक्युलेरिअस हा वेगळा नसून यानच्या पॅरिअस मार्गारिटोफोरसचेंच दुसरें नांव होय, असा निकाल २००४ मध्यें दिला गेला. २०१७ मध्यें थायलंडांतील नमुने तपासून हाउझरनें तो फिरविला. पाठीवरच्या मधल्या ओळींतील खवल्यांवर बारीक कणा आहे कीं ते सपाट आहेत, हा त्यांतील एक मुख्य पुरावा; पाठीवरून बोट फिरवून पाहण्याइतका तो साधा आहे. तिकडे दक्षिण आफ्रिकेंत लिनियसच्या त्या एका ल्युट्रिक्सच्या पोटीं एकाहून अधिक वंशशाखा दडलेल्या आहेत असें २०१९ मध्यें रेणूंच्या अभ्यासानें पुढें आणलें आहे.

उरला आमचा शब्द. सुश्रुतानें सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष असे वर्ग केले, त्यांत फणा, मंडलें व रेषा ह्या दिसणाऱ्या खुणा आहेत आणि विषाचा विचार आहे. तें वैद्याचें वर्गीकरण होतें व वैद्याच्या कामास तें पुरतें. त्यांत अर्थवाही नांवें शोभतात. परंतु आजचें कुलनाम हें अर्थ सांगण्यासाठीं नसतेंच. तें एका नमुनेदार वंशाच्या नांवावरून, ठराविक प्रत्यय लावून बनविलेलें असतें. पॅरिअसवरून पॅरिडी, एवढेंच त्याचें म्हणणें. त्यांतील साप काय खातात ह्याविषयीं तें एक अक्षरही बोलत नाहीं, आणि ह्या मौनामुळेंच नवा नातलग घरांत आला तरी तें खोटें ठरत नाहीं. भाषांतरकार त्या मौनाच्या जागीं समास घालतो, तेव्हां मुळांत नसलेलें एक विधान तो शास्त्राच्या तोंडीं घालीत असतो. मराठींत शास्त्र यावें, तें मराठी वाटावें, ह्यासाठीं आम्हीं आयुष्यभर हट्ट धरला व तो अजूनही सोडलेला नाहीं. पण प्रत्येक परकी संज्ञा फोडून तिचा अर्थ लावलाच पाहिजे, ही त्या हट्टाची शाखा आतां छाटावी असें वाटतें.

आमच्या मित्रांस आम्हीं तसें कळविलें आहे. यादीच्या पुढच्या आवृत्तींत 'शंबूकभक्षी कुल' हा शब्द काढून त्या जागीं 'पॅरिअस कुल' असें छापलें जाईल. 'शंबूकभक्षी' हें विशेषण मात्र राहील, पण तें सापाच्या वर्णनांत, जेथें त्याचा आहार सांगितला असेल तेथें. आणि तें पॅरिअसला, डिप्सासला व ड्युबेरियालाही सारखेंच लागेल. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ज्यांच्याकडे असतील त्यांनीं हा फेरफार हातानें करून घ्यावा.